कच्चे फोटो

"ओ फोटोवाल्या बाई, आमचं पैसं द्या."

गुरुवारचा बाजार होता. मी उकिडवी बसून वांगी निवडत होते आणि खांद्यावरच्या कॅमेऱ्याच्या पिशवीचा पट्टा मागून कुणीतरी धरला होता. वळून पाहिलं तर नऊ-दहा वर्षांची मुलगी. तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हातात माझा पट्टा.

"कसले पैसे गं?"

"तीन रुपये. वर्गाच्या फोटूचं. तिसरीत हुतो तवा घेतल्यात. आता चौथी संपत आली. फोटू काय आला न्हाई."

"पैसे कुणाकडे दिलेस?"

"गुरुजींकडं. गुरुजी म्हणलं, फोटोवाली बाई पैसं घिऊन पळाली."

"पळाले असते तर वांगी घ्यायला इथंच आले असते का?"

तिनं क्षणभर विचार केला. "मग आलायसा तर द्या की."

वांगीवाली फिसकन हसली. शेजारच्या मिरचीवाल्यानं मान लांब करून पाहिलं. पलीकडून मुलीची आई ओरडली, "ए शाले, सोड त्यास्नी! मोठ्या माणसाला असं धरत्यात व्हय?"

"मोठ्या हायत म्हणूनच धरलंय," शालन म्हणाली. पट्टा तसाच.

"हे बघ," मी म्हणाले, "तुझ्या वर्गाचा फोटो मी काढला, हे खरं. त्याची फिल्म माझ्याकडं आहे, जपून ठेवली आहे. पण तुमचे तीन रुपये माझ्यापर्यंत आलेच नाहीत. एकाचेही नाहीत."

"मग कुणी घेतलं?"

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि भर बाजारात ते उच्चारायचं धाडस मला नव्हतं. मी म्हणाले, "मी महिन्याभरात फोटो देते."

"महिन्याभरात म्हंजी कवा?"

मी तारीख सांगितली नाही. तिनं पट्टा सोडला, पण तोंडावर स्पष्ट दिसत होतं की तिला माझं खरं वाटलं नव्हतं. वांगी न घेताच मी घरी आले.

ही गोष्ट अडतीस वर्षांपूर्वीची. माझं नाव माणिक डांगरे. आम्ही कासार. बाबा बांगड्यांचा पेटारा घेऊन गावोगाव फिरले, मी कॅमेरा घेऊन फिरत होते. दुकान नव्हतं, पाटी नव्हती. घरची न्हाणी हीच डार्करूम. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जे मिळेल ते काम. आदल्या वर्षी आमच्या तालुक्यातल्या एका शिक्षणसंस्थेनं मला सगळ्या शाळांतल्या वर्गांचे फोटो काढायला सांगितलं होतं. अकरा शाळा, तेवीस वर्ग. मुलांकडून पैसे गोळा करून संस्था मला देणार, मग मी प्रती छापून देणार, असं ठरलं. मुलांनी पैसे दिले. मला मिळाले नाहीत. कागद उधारीवर आणून नऊशे प्रती छापायची माझी ताकद नव्हती, म्हणून फिल्म डब्यात पडून होत्या.

वर्षभर मी संस्थेच्या कचेरीत खेटे घातले. सेक्रेटरी आवटी नावाचे गृहस्थ होते. त्यांनी मला कधी हाकललं नाही. उलट दर वेळी चहा पाजला. "डांगरेबाई, पुढच्या आठवड्यात नक्की." असे नऊ चहा मी प्याले. आणि इकडे नऊशे घरांत मी चोर ठरले होते, हे मला शालननं पट्टा धरल्यावर कळलं.

दुसऱ्याच दिवशी आवटींचा शिपाई निरोप घेऊन आला. साहेबांनी बोलावलंय.

"या डांगरेबाई, बसा. चहा?"

"नको. पैसे."

ते हसले. पान खाऊन लाल झालेले दात, गोड आवाज. "तेच सांगायला बोलावलं. संस्थेचा रौप्यमहोत्सव आहे, पुढच्या रविवारी. मंत्री येणार. अण्णासाहेबांच्या मनात आहे की हॉलमध्ये मोठ्या फोटोंचं प्रदर्शन लावायचं. शाळा, इमारती, खेळ, आणि अण्णासाहेबांचा एक मोठा, दारात कमानीखाली. पस्तीस-छत्तीस फोटो. करा, आणि मागचं-पुढचं एकदम घेऊन जा."

अण्णासाहेब देवमाने म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तालुक्यात त्यांच्या शब्दाशिवाय शाळेची घंटासुद्धा वाजत नसे.

"मागचं आधी द्या," मी म्हणाले. "मुलं मला रस्त्यात अडवतात."

"मुलं हो! मुलांचं काय मनावर घेता?"

"कागदाला तरी काही आगाऊ द्या."

"फोटो आणून दिलेत की त्याच जागेवर रोख. माझा शब्द." मग जरा पुढं झुकून म्हणाले, "तुम्हाला ते फोटो मोठे करायचं एन्लार्जरचं मशीन घ्यायचंय ना? भाड्याच्या मशीनवर किती दिवस काढणार? हे काम झालं की समजा आलं."

हे मीच त्यांना पाचव्या की सहाव्या चहाच्या वेळी सांगितलं होतं, दया येईल म्हणून. माणसानं आपली नड कुणाला सांगावी, हेही तेव्हा मला कळत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांचे गुडघे गेले होते, फिरणं बंद झालं होतं. ओट्यावर बसून ते ऐकत राहिले.

"तू माल देतेस आणि मग पैसे मागतेस," ते म्हणाले. "कासार असं करत नाही."

"मग काय करतो?"

"बांगडी भरायच्या आधी दर बोलतो. हात हातात घेतला, माप बघितलं, रंग पसंत पडला, की थांबायचं. दर ठरवायचा. कारण एकदा बांगडी मनगटावर चढली की ती त्या बाईची. उतरवायची तर फोडावी लागते, आणि सवाष्णीच्या हातातली बांगडी कासारानं कधी फोडायची नसते. बाईला पैसे द्यायचे नसले तरी नाही. म्हणून चढवायच्या आधी." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या कामात बांगडी चढते ती कधी?"

मी पटकन म्हणणार होते, फोटो त्यांच्या हातात दिला की. पण ते खरं नव्हतं. मी उठले आणि न्हाणीत जाऊन लाल दिवा लावला.

आठ दिवस मी छापत होते. कागद मी माझ्या दोन पाटल्या गहाण टाकून आणला.

रविवारी सकाळी आठ वाजता हातगाडीवरून सगळं सामान घेऊन मी संस्थेच्या हायस्कुलात पोचले. काळ्या कागदात गुंडाळलेले छत्तीस फोटो, दोन मोठे पत्र्याचे ट्रे आणि हायपोची पिशवी. हायपो म्हणजे खडीसाखरेसारखे दिसणारे पांढरे खडे. फोटोच्या शेवटच्या पाण्यात ते विरघळवतात. कार्यक्रम बारा वाजता होता. पताका लागत होत्या, लाउडस्पीकर खरखरत होता, आजूबाजूच्या शाळांची मुलं ट्रॅक्टरमधून उतरत होती.

आवटी धोतराचा सोगा सावरत धावत आले. "आणलेत? शाब्बास. द्या इकडे. ओ, ड्रॉइंगचे सर, फोटो आले!"

"पैसे आणलेत?" मी विचारलं.

"बाई, आज कसला दिवस आहे! मंत्री येऊन गेले की संध्याकाळी निवांत हिशेब करू."

"त्याच जागेवर रोख, असा शब्द होता."

"तोच शब्द आहे. जागा तीच, वेळ जरा पुढं."

मी पोचपावतीचा कागद पुढं केला. आदल्या दिवशी ठळक अक्षरात लिहून आणला होता. "वाचून सही करा."

"तुमची चिठ्ठी वाचत बसू का आता?" त्यांनी खिशातून पेन काढून झटक्यात सही मारली. त्या संस्थेत कुणीच वाचून सही करत नसे. मास्तर लोक दर महिन्याला पगाराच्या आकड्यावर न बघता सही करत. बघून करणाऱ्याची बदली होई. सही घेता घेता आवटींचीही वाचायची सवय गेली असावी.

"तर मी तोंडानं सांगते," मी म्हणाले. "हे फोटो कच्चे आहेत. कागदावर चित्र उमटवलंय, पण हायपोत घालून पक्कं केलेलं नाही. उजेडात राहिले की काळे पडत जाणार. आत हॉलमध्ये दुपारपर्यंत टिकतील, उन्हात दहा मिनिटंही नाही. मी ट्रे आणि हायपो घेऊन त्या कडुलिंबाखाली बसते. पैसे द्या, तासाभरात सगळे पक्के करून देते."

आवटी खदाखदा हसले. "फोटो ब्लॅक अँड व्हाइटच आहेत बाई, आणखी काय काळे पडणार?" आणि फोटोंचा गठ्ठा उचलून घेऊन गेले.

मी लिंबाखाली नळाशेजारी बसले. ट्रे मांडले, पाणी भरलं. भीती वाटत नव्हती असं नाही. भरताना पाणी दोनदा सांडलं.

मुलं कुतूहलानं गोळा झाली. मुलं अशी गोळा झाली की मला गप्प बसवत नाही. तेव्हाही नाही, आताही नाही.

"बाई, ही खडीसाखर हाय?"

"खाऊन बघू नकोस. ओंजळीनं पाण्यात टाक. आता हात घाल."

"आई गं! पाणी गार झालं!"

"बरफागत!"

"हा हायपो. पाण्यात विरघळताना पाण्यातलीच ऊब घेतो, म्हणून पाणी गार लागतं."

"आणि ह्याचं काय करायचं?" हा आवाज ओळखीचा होता. शालन घोळक्यात कोपरं मारत पुढं आली होती, इस्त्रीचा गणवेश, वेण्यांना लाल रिबिनी. माझ्याकडं ती अजूनही संशयानंच बघत होती.

मी पिशवीतून कोऱ्या कागदाचा एक तुकडा काढला, तिला त्यावर लिंबाचं पान ठेवायला सांगितलं आणि कागद उन्हात ठेवला. "आता शंभरपर्यंत मोजा."

सगळ्यांनी मिळून मोठ्यानं मोजलं. कागद आधी गुलाबी झाला, मग जांभळा, मग वांग्याच्या सालीसारखा. शालननं पान उचललं. खाली पानाची पांढरी नक्षी, शिरांसकट.

"जादू!" कुणीतरी म्हणालं.

"जादू नाही. या कागदाला उजेड खायची सवय आहे. जोवर उजेड मिळेल तोवर तो खात राहणार, आणि काळा होत राहणार. हे पानसुद्धा थोड्या वेळानं दिसेनासं होईल. हायपोत घातलं की त्याची भूक संपते. मग तो फोटो शंभर वर्षं टिकतो."

शालन पानाच्या नक्षीकडं बघत होती. ती पुसट होत होती. तिनं मान वर केली, कमानीकडं पाहिलं. मग ती धावतच सुटली, आणि मिनिटभरात तिचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"बाईऽऽ! अण्णासाहेबांचं धोतार जांभळं पडलंऽऽ!"

कमानीखाली, भर उन्हात, गुलालानं रंगवलेल्या लाकडी स्टँडवर त्यांनी तो फोटो उभा केला होता. दोन फुटी. खुर्चीत बसलेले अण्णासाहेब, पांढरा फेटा, पांढरा सदरा, पांढरंशुभ्र धोतर. आता ते सगळं बाजारातल्या जांभळासारखं दिसत होतं. मुलं खिदळत होती, मास्तर मुलांना हाकलत होते आणि स्वतः वळून बघत होते.

आवटी माझ्याकडं आले ते जवळजवळ पळतच. गोड आवाज गेला होता.

"काय केलंस तू हे? आतलेपण करडे व्हायला लागलेत!"

"सांगितलं होतं. लिहूनही दिलंय, तुमची सही आहे."

"पोलिसात देईन!"

"द्या. पावती मीच दाखवते त्यांना."

"या तालुक्यात पुन्हा काम मिळणार नाही तुला. बारशाचंसुद्धा नाही!"

"हे काम मिळालं होतं, त्याचं काय झालं ते बघतेय ना मी." मी घड्याळ बघितलं. "साडेदहा झालेत आवटीसाहेब. हॉलमध्ये पूर्वेच्या खिडक्या आहेत. निदान त्या तरी लावून घ्या."

ते खिडक्या लावायला धावले. अण्णासाहेबांचा फोटो कमानीखालून हलवायचं धाडस मात्र कुणाला झालं नाही.

अकराच्या सुमाराला जीप आली. अण्णासाहेब उतरले, कमानीपाशी थांबले, आपल्या फोटोपुढं बराच वेळ उभे राहिले. मग काठी टेकत थेट लिंबाखाली आले. मुलं बाजूला सरकली पण गेली नाहीत. अण्णासाहेब साठीचे, धिप्पाड, बोलणं मात्र अगदी हळू. त्यांच्याशी बोलताना सगळ्यांनाच पुढं वाकावं लागे. मी वाकले नाही.

"तू त्या डांगरे कासाराची ना?"

"हो."

"तुझा बाप आमच्या वाड्यावर बांगड्या भरायला यायचा."

"यायचे. दर आधी ठरवून."

ते गालात हसले. "आवटी, हिचे आजचे किती होतात?"

आवटींनी आकडा सांगितला. अण्णासाहेबांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून नोटा काढल्या, मोजल्या, आणि मग तेवढ्याच आणखी वर ठेवल्या. सगळ्या माझ्या हातात दिल्या.

"हे घे. तुला कसलं मशीन घ्यायचंय म्हणे. घे. चल, उचल ते फोटो आणि कर काय करायचं ते."

नोटा माझ्या हातात होत्या. पाटल्या सुटत होत्या, मशीन येत होतं. आज इतक्या वर्षांनीही त्या नोटांचं वजन माझ्या तळव्याला आठवतं. मी खोटं बोलणार नाही, माझी बोटं मिटली होती.

"आणि वर्गांच्या फोटोंचे?" मी विचारलं.

"ते सोड आता. ते पैसे बांधकामाला गेले." त्यांनी काठीनं मैदानापलीकडची नवी खोली दाखवली. "पोरांच्याच कामाला आले ना? कुणी घरी तर नाही नेले. तुला दुप्पट दिलेत. तू खूश, आम्ही खूश."

त्यांचं म्हणणं अगदीच वेडंवाकडं नव्हतं. खोली खरंच उभी होती. मी मुलांकडं पाहिलं. शालन माझ्याकडं टक लावून बघत होती. बाजारात तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नव्हतं.

मी वरच्या नोटा मोजून वेगळ्या केल्या आणि परत पुढं धरल्या.

"एवढंच करा, अण्णासाहेब. ही मुलं इथंच आहेत. त्यांना तुमच्या तोंडानं सांगा, की तुमचे तीन-तीन रुपये फोटोवाल्या बाईनं खाल्ले नाहीत. आम्ही घेतले आणि त्या खोलीत घातले, आणि तुम्हाला फोटो मिळणार नाही. एवढं सांगा, मी मागचा एक पैसा मागणार नाही. आत्ता सगळे फोटो पक्के करून देते."

लाउडस्पीकरवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणत होतं.

"आणि नाही सांगितलं तर?" ते अगदी हळू म्हणाले.

"तर मी बसलेय. उजेड त्याचं काम करतोय."

अण्णासाहेबांनी मुलांकडं पाहिलं. तीस-चाळीस मुलं. मला वाटतं, त्या माणसानं इतक्या जवळून मुलांकडं बऱ्याच वर्षांत पाहिलं नसावं. त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात शालन म्हणाली, "सांगा की वो. आमी ऐकतोय."

एक मास्तर तिच्या अंगावर धावला. अण्णासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. कमानीकडं नजर टाकली. तिथं त्यांचा फेटा आता खुर्चीच्या रंगाचा झाला होता.

"आवटी," ते म्हणाले. "देणगीच्या टेबलावर किती जमलेत?"

"अण्णासाहेब, ते आजचे..."

"किती जमलेत विचारलं."

आवटींनी पैसे आणले. मी ते लिंबाच्या बुंध्याशी बसून मोजले, सावकाश, एकेक नोट. मुलं माझ्याबरोबर मोजत होती. नऊशे मुलांचे सगळे पुरे झाले तेव्हा मी दुसरी पावती लिहिली आणि अण्णासाहेबांपुढं धरली. त्यांनी चष्मा लावून ती आधी पूर्ण वाचली.

त्या संस्थेत मला पुन्हा कुणी बोलावलं नाही, हे सांगायला नकोच. पुढची पाच-सहा वर्षं मी तालुक्याबाहेर हिंडून पोट भरलं, आणि मशीन यायला तेवढीच वर्षं लागली. मुलांचे फोटो मात्र शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आत छापले आणि वर्गावर्गात स्वतः जाऊन प्रत्येकाच्या हातात दिले. मास्तरांच्या हातात एकही दिला नाही.

पण ते पुढचं. तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि छत्तीस फोटो पक्के करायचे होते. ड्रॉइंगचे सर आणि शिपाई हॉलमधून फोटो काढून आणत होते, मी हायपोत घालत होते, मुली नळाखाली धुऊन लिंबाला बांधलेल्या दोरीवर चिमट्यानं लावत होत्या. थेंब गळत होते. करडेपणा पूर्ण गेला नाही, चहाच्या डागासारखी एक झाक राहिली ती राहिलीच. पण चेहरे दिसत होते.

शेवटी कमानीखालचा फोटो आला. तो ट्रेत एकटीला धरता येईना. एक बाजू सोडली की गुंडाळी व्हायची.

"याला दोन माणसं लागतील," मी म्हणाले.

शिपाई पुढं झाला. स्टँडचा गुलाल लागून त्याचे हात लाल झालेले. "तू नको," अण्णासाहेब चटकन म्हणाले. आवटी खिडक्या उघडायला गेले होते. मास्तर गेटवर हार घेऊन उभे होते.

अण्णासाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. काठी लिंबाला टेकवली, घड्याळ काढून खिशात टाकलं, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ट्रेच्या पलीकडं उकिडवे बसले.

"गार आहे," ते म्हणाले.

"हो का?" शालननं विचारलं. "कशानं गार हुतंय, सांगू?"

"दोन्ही कोपरे धरा," मी म्हणाले. "आता हळूहळू वर-खाली हलवा. माझ्याबरोबर. एका जागी थांबायचं नाही, थांबलात तर डाग पडतो."

फाटकाबाहेर ताशा सुरू झाला. मुलांची पळापळ झाली, कुणीतरी ओरडलं, "आले, आले!" मंत्र्यांच्या गाडीचा हॉर्न लागोपाठ दोनदा वाजला. अण्णासाहेबांनी मान वर केली आणि त्यांचे हात थांबले.

"हलवत राहा," मी म्हणाले. "अजून चार मिनिटं आहेत."

त्यांनी मान खाली घातली आणि फोटो हलवायला सुरुवात केली.